चीन देशाची साखर



माझे बालपण इंदुरास गेले, आणि माझी मावशी बडोद्यास राहत असे. एका उन्हाळ्याच्या सुटीत तिने मला कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणावयास धाडले. बडोद्यात आहोत तर गुजरातीत बोलावे, अशा उमेदीने मी दुकानदाराला ‘साकर आपो’ म्हणालो, आणि त्याने निमूटपणे खडीसाखरेचे खडे तोलून पुडी माझ्या हाती ठेवली. घरी आल्यावर मावशीला हसू आवरेना. ‘‘अरे, इथे साकर म्हणजे खडीसाखर. आपल्याला चहाला लागते तिला खांड म्हणायचं, नाहीतर मोरस.’’ पुढे नोकरीच्या निमित्ताने ग्वाल्हेरीस गेलो, तेव्हा ह्याच गोष्टीचे दुसरे रूप पाहिले. साताऱ्याकडून नुकत्याच आलेल्या एका वृद्ध बाईंना देवळातला पुजारी ‘मिश्री लीजिए’ म्हणून प्रसाद देऊ लागला, तो त्या दोन पावले मागे सरल्या. त्यांच्या गावी मिश्री म्हणजे दातांना लावावयाची भाजलेली तंबाखू!

आपण मराठी माणसे अशी ठिकठिकाणी पांगलेली असल्यामुळे साखरेला किती नावे असतात हे आपल्याइतके इतरांस क्वचितच ठाऊक असेल. त्यांतली तीनच नावे घ्या. मिश्री ही मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची. मोरस ही मॉरिशस बेटाची. एकोणिसाव्या शतकात तिकडची साखर जहाजे भरभरून मुंबई बंदरात उतरे. आणि उत्तर हिंदुस्थानात जिला चिनी म्हणतात ती चीनची. आता उसाचा रस आटवून त्याची रवाळ साखर करण्याची विद्या प्रथम सिद्ध झाली ती भारतवर्षात. शर्करा हा आपला शब्द इराण आणि अरबस्तान ओलांडून युरोपच्या भाषांत जाऊन बसला. मग आपल्याच घरच्या जिनसेला आपण परमुलखाची नावे का द्यावीत? ह्या प्रश्नाचा माग काढीत मी चीन देशाच्या साखरेपाशी येऊन पोचलो, आणि आज तिच्याच काही गोष्टी आपणांस सांगावयाच्या आहेत.

चीनमध्ये गोडी होती ती उसाच्या साखरेच्या फार आधीपासून. उत्तर चीन हा थंडीचा मुलूख, तेथे ऊस होत नाही. तेथील लोक गहू किंवा जव भिजवून त्यांना मोड आणीत, ते मोड शिजविलेल्या धान्यात कालवून उबेला ठेवीत आणि त्यातून जे गोड पाणी सुटे ते गाळून आटवीत. मोडांत धान्याच्या पिठाची साखर करण्याची शक्ती असते, हे रसायनशास्त्राने पुढे सांगितले. चिनी गृहिणीला ते हाताने ठाऊक होते. ह्या चिवट, सोनेरी पदार्थाला ‘यी’ असे नाव आहे. सहाव्या शतकात च्या स्स-श्ये नावाच्या अधिकाऱ्याने शेती आणि घरकाम ह्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पांढरी, काळी आणि तृणमण्याच्या रंगाची अशा निरनिराळ्या ‘यी’ करण्याच्या कृती दिल्या आहेत. वर्षअखेरीस चुलीचा देव त्या घराची वर्षभराची हकीकत सांगावयास स्वर्गात जातो, अशी तिकडची समजूत. चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्यातील तेविसाव्या दिवशी, दक्षिणेत चोविसाव्या दिवशी, ह्या देवाला मोडाच्या साखरेचा नैवेद्य दाखवितात. देवाचे तोंड गोड व्हावे आणि त्याने चांगलेच बोलावे हा एक हेतू. दात चिकटून जावेत आणि त्याला फारसे बोलताच येऊ नये, हा दुसरा! दुसरा हेतू मला अधिक प्रामाणिक वाटतो.

दक्षिणेस ऊस होता आणि त्याचा रसही लोक आवडीने पीत. पण रसाची उत्तम साखर करण्याची युक्ती त्यांना साधली नव्हती. ती त्यांनी कोठून घेतली हे त्यांच्याच इतिहासात लिहिलेले आहे. इ. स. ६४७ मध्ये मगधाचे वकील तांग दरबारी आले. त्या वृत्तांतातच पुढे नोंद आहे की, बादशहा ताई-त्सुंग ह्याने साखर आटविण्याची रीत शिकून येण्यासाठी मगधास माणसे पाठविली. मग यांगचौ प्रांतातला ऊस मागवून त्या रीतीने साखर करविली, आणि ती रंगाने व चवीने पश्चिमेकडील साखरेहून कितीतरी सरस उतरली. बौद्ध भिक्षूंच्या चरित्रसंग्रहात आणखी तपशील आहे. बोधगयेच्या विहाराकडे साखर करणाऱ्या कारागिरांची मागणी करण्यात आली, आणि दोन कारागीर व आठ भिक्षू चीनला रवाना झाले. त्यांना युएचौ येथे नेऊन तेथल्या उसावर प्रयोग केले, ते सफल झाले. पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएनत्संग ह्याच्या दोनच वर्षे आधी, ६४५ मध्ये, मायदेशी परतला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या देवघेवीचा काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. पोथ्या बांधून नेणारे भिक्षू आणि गुळव्याची कला जाणणारे दोन कारागीर एकाच वाटेने चालत होते. त्या दोघांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

ही विद्या तिकडे कशी पोचली ह्याचा एक अद्भुत पुरावा गोबीच्या वाळवंटाच्या कडेला तुनह्वांगच्या गुहांत सापडला. फ्रेंच पंडित पॉल पेलिओ १९०८ मध्ये तेथील हस्तलिखिते पॅरिसला घेऊन गेला. त्यांतील एका कागदाच्या एका बाजूस बौद्ध सूत्र आहे आणि पाठीमागे कोणी तरी भारतातील साखरेची कृती टिपून ठेवली आहे. बैलाकडून ऊस चिरडून रस काढावा, आटवावा. साखर मोकळी हवी असेल तर आटविलेला पाक वेळूच्या पाटीत भरून, दार बंद करून पंधरा दिवस निथळू द्यावा, खाली रांजण ठेवावा, आणि रांजणात जे निथळेल त्याची दारू करावी. शेवटची सूचना बौद्ध सूत्राच्या पाठीवर वाचून हसू येते. त्या लेखात साखरेला जे नाव दिले आहे त्याचा उच्चार आजच्या चिनीत ‘शा-क-लिंग’ असा काहीसा होईल. अनेक वर्षे त्या शब्दाचा अर्थ लागत नव्हता. तो आपला शर्करा शब्द होय, हे ओळखले ची श्येन-लिन ह्या चिनी संस्कृतज्ञाने.

ह्या गृहस्थाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९११ मध्ये जन्मलेला हा विद्वान जर्मनीत संस्कृत शिकला. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत त्याचे फार हाल झाले. पुढे त्याला वसतिगृहाच्या दारावर पहारेकऱ्याचे काम देण्यात आले, तेव्हा तेथे बसून त्याने वाल्मीकीच्या रामायणाचे चिनी पद्यात भाषांतर चालविले आणि पुरे केले. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर तो दररोज पायी ग्रंथालयात जाऊन जुने ग्रंथ चाळीत बसे. त्यातून साखरेचा बृहद् इतिहास सिद्ध झाला. आपल्याकडील ‘चिनी’ ह्या शब्दावरही त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. २००८ मध्ये भारत सरकारने त्याला पद्मभूषण दिले, आणि पुढच्याच वर्षी तो वारला. १९६२ च्या युद्धानंतर चिनी ह्या विशेषणाला आपल्याकडे कडवटपणा आला आणि तो अजून गेला नाही, हे खरे आहे. त्याच काळात पेकिंगमध्ये एक माणूस आपल्या देशाने साखर कोणाकडून घेतली ह्याचा हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवीत होता, हेही तितकेच खरे आहे.

आता खडीसाखरेची कथा ऐका. सेचुआन प्रांतात स्वेनिंग नावाचे गाव आहे. तेथील वांग च्वो ह्याने इ. स. ११५४ च्या सुमारास केवळ खडीसाखरेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्या काळी तिला थांग-श्वांग, म्हणजे साखरेचे दहिवर, असे सुंदर नाव होते. वांग च्वो सांगतो, आठव्या शतकात पांढऱ्या गाढवावर बसून एक भिक्षू त्या डोंगरात येऊन राहिला. त्याला काही हवे असले म्हणजे तो जिनसांची यादी आणि पैसे गाढवाच्या पाठीवर बांधून त्याला एकटेच बाजारात पाठवी. लोक पैसे घेऊन माल लादून देत. एके दिवशी हे गाढव ह्वांग नावाच्या शेतकऱ्याच्या उसात शिरले आणि त्याने कोवळे कोंभ फस्त केले. ह्वांगने भरपाई मागितली. भिक्षू म्हणाला, उसाचे दहिवर करावयास तुला येत नाही. ते शिकवितो, म्हणजे तुला दसपट मिळेल. स्वेनिंगची खडीसाखर ती हीच, अशी कथा.

कथा सोडून दिली तरी कृती खरी आहे. आटविलेला पाक रांजणात ओतावयाचा, त्यात वेळूच्या कामट्या उभ्या करावयाच्या आणि हिवाळ्यात भरलेला तो रांजण उन्हाळा येईपर्यंत हलवावयाचा नाही. कामट्यांवर आणि रांजणाच्या अंगाला खडे धरू लागतात. आपल्याकडे दोऱ्यावर खडीसाखर धरते, तिचीच ही बहीण. एकाच रांजणात नाना रंगांचे आणि आकारांचे खडे निघत, आणि वांग च्वोने त्यांची प्रतवारी देऊन ठेवली आहे. आकाराने बागेतल्या कृत्रिम डोंगरासारखा चढत गेलेला खडा सर्वांत उंची. तळाशी राहिलेला वाळूसारखा भुगा सर्वांत हलका. रंगाने जांभळा खडा पहिला, त्याखाली गडद तृणमण्याचा, त्याखाली फिकट पिवळा, आणि फिकट पांढरा सर्वांच्या शेवटी! आज आपण ज्याला शुद्धतेची खूण समजतो तो पांढरा रंग बाराव्या शतकातल्या ह्या जाणकाराने अगदी पायरीशी बसविला आहे. हे प्रथम वाचले तेव्हा लेखनाची चूक असावी असे मला वाटले. चूक नव्हती. मळीचा अंश, तिची खमंग चव, तिचा रंग हे त्यांच्या लेखी साखरेचे गुणच होते.

पुढे वारे फिरले. मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी लिहितो की, फूक्येनकडील एका गावी बाबिलोनकडून आलेल्या लोकांनी झाडांची राख घालून साखर शुद्ध करावयास शिकविले. बाबिलोन ह्या शब्दाने येथे कैरो अभिप्रेत असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मिश्री चीनमध्येही गेलीच. परंतु साखर खरी पांढरीशुभ्र केली ती मातीने. फूक्येनच्या नान-आन परगण्यात अशी आख्यायिका आहे की, मंगोल बादशहांच्या अमदानीत एका म्हाताऱ्याच्या घरी साखर शिजत असता मातीची भिंत पडली. माती बाजूला सारून पाहतात तो खालची साखर पांढरी झालेली! ह्या म्हाताऱ्याचेही आडनाव ह्वांगच. ह्वांग ह्या शब्दाचा अर्थ पिवळा, आणि साखर पांढरी करणारी मातीही पिवळी. आख्यायिका रचणाऱ्यांना योगायोगांची हौस असते.

ह्या कृतीचे नेमके वर्णन सुंग यिंग-शिंग ह्याने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या उद्योगविषयक ग्रंथात आहे. बैल जुंपलेल्या चरकातून ऊस तीनदा काढावा. चिपाडे जळणाला घ्यावीत. दोनशे मापे रसाला एक माप चुना घालावा. तीन काहिली एकमेकींजवळ मांडून रस आटवावा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर ज्याने रात्र काढली आहे त्याला ह्यांतले काहीच परके वाटणार नाही. पुढे मात्र वाट वेगळी होते. घट्ट झालेला काळा पाक निमुळत्या बुडाच्या मातीच्या भांड्यात भरतात; बुडाच्या भोकाला गवताचा बोळा. पाक रवाळ झाला की बोळा काढतात आणि वरून पिवळ्या मातीचे पाणी ओततात. ओल हळूहळू खाली उतरते आणि रव्यांना चिकटलेली काकवी बरोबर घेऊन जाते. सर्वांत वरचा सुमारे पाच चिनी इंच जाडीचा थर विलक्षण पांढरा होतो, खालचा पिवळसर राहतो. आपल्याकडे उत्तरेतील खांडसरीवाले ह्याच कामासाठी साखरेवर ओले शेवाळ पसरीत. तत्त्व एकच, तिकडे माती, इकडे शेवाळ. आणि आता गंमत पाहा. ह्या वरच्या शुभ्र थराला सुंग यिंग-शिंगच्या काळी चीनमध्ये काय म्हणत? पश्चिम समुद्राची साखर! पश्चिमेकडून येणारी साखर फार पांढरी असते, म्हणून हे नाव. तीच माल होऊन कँटनहून आपल्या बंदरांत येई तेव्हा आपण तिला चिनी म्हणत होतो. गोडी आपल्या शेतातली असली तरी पांढरेपणा प्रत्येकाने परक्याच्या नावावर मांडून ठेवला.

त्याच ग्रंथात साखरेच्या प्राण्यांचीही कृती आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने पाकाची मळी वर आणून काढावयाची, तो स्वच्छ पाक दोन फाकांच्या साच्यात ओतून साचा फिरवावयाचा, म्हणजे आतून पोकळ असा सिंह किंवा हत्ती तयार होतो. आपल्या गुढीपाडव्याच्या गाठी आणि होळीची साखरेची माळ करणाऱ्या हलवायांना हा व्यवसायबंधूच वाटेल.

कारखाने आले, आणि आज निम्म्याहून अधिक चिनी साखर एकट्या क्वांगसी प्रांतातील उसापासून होते. बहुतेक सारी पांढरी. तरी त्या लोकांनी जुन्या जाती घराबाहेर घातलेल्या नाहीत. पिवळसर, ओबडधोबड पिंग-थांग, म्हणजे बर्फसाखर, डुकराच्या मांसाच्या रश्श्याला तकाकी आणावयास लागते आणि खोकला झालेल्याला नासपतीबरोबर शिजवून देतात. हुंग-थांग, म्हणजे लाल साखर, आपल्या गुळाची सख्खी. ती आल्याबरोबर उकळून सर्दीवर घेतात आणि बाळंतिणीला अंड्याबरोबर खाऊ घालतात. लाल साखर उष्ण आणि बर्फसाखर थंड, हा तिथल्या आजीबाईंचा निर्णय. गूळ उष्ण आणि खडीसाखर थंड, हे आमच्या मावशीनेही सांगितलेच होते.

आणखी एक जात पिएन-थांग, म्हणजे वडीची साखर. माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा कामानिमित्त कँटनला गेला होता, त्याने तिचे एक पुडके आणून दिले. बोटभर रुंद, विटकरी रंगाच्या सपाट पट्ट्या. काठाने पाहिले तर दोन्ही अंगांना गुळगुळीत आणि मधोमध रवाळ रेघ. मी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. गूळच, परंतु भट्टीजवळचा धुराचा वास अंमळ अधिक आणि खारटपणा अजिबात नाही. घरात दोन पक्ष पडले. माझी सून म्हणाली, ‘‘बाबा, हा आपल्या गुळासमोर काहीच नाही.’’ नातवाने मात्र पुडके संपविले.

शेवटी यीवू गावाची हकीकत सांगतो. चेक्यांग प्रांतातल्या ह्या गावी लाल साखर पूर्वापार होते. जमीन मात्र नापीक, भाताला खत मिळेना. म्हणून हिवाळ्यात शेतीचे काम आटोपले की तेथील पुरुष कावडीच्या दोन्ही टोपल्यांत आले घातलेल्या साखरेच्या वड्या भरून, हातातली डमरूसारखी डुगडुगी वाजवीत, गावोगाव हिंडत. पैसे मागत नसत. साखरेचा तुकडा फोडून द्यावयाचा आणि बदल्यात कोंबडीची पिसे घ्यावयाची. आपल्याकडे बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, तसाच हा व्यवहार. चांगली पिसे झटकण्या करण्यासाठी विकली जात आणि उरलेली भाताच्या खाचरात खत म्हणून पडत. हळूहळू टोपल्यांत साखरेबरोबर सुया, दोरे, गुंड्याही येऊ लागल्या. मध्यंतरी सरकारने असला फिरता व्यापार गुन्हा ठरविला होता, तरी माणसे रात्रीची निघतच. १९८२ मध्ये तेथील अधिकाऱ्यांनी ह्या फेरीवाल्यांसाठी उघड बाजार भरविण्याची परवानगी दिली, आणि बारीकसारीक मालाचा जगातला सर्वांत मोठा घाऊक बाजार आज त्याच गावी भरतो. आपल्या घरातील प्लॅस्टिकच्या फुलांचे, गुंड्यांचे आणि दिवाळीच्या विजेच्या माळांचे मूळ शोधीत गेलात तर पुष्कळदा तेथेच जाऊन पोचाल. बाजाराच्या त्या गावात ऊसतोडणीनंतर अजूनही उघड्या काहिलींवर लाल साखर शिजते, आणि गरम वड्या कापल्या जात असता लोक भोवती रांग लावून उभे राहतात.